अशक्तपणात सलाईन लावल्याने ताकद येते का? त्यातलं क्लोराईड शरीरात काय करतं?

ताकद येत नाही. १८ वर्षं स्टाफ नर्स आहे मी, आणि याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे म्हणून लिहितेय.

क्लोराईडचं पटकन सांगते, मिठात सोडियमसोबत असतं ते. जठरातलं आम्ल त्याच्यापासून बनतं, सोडियमसोबत ते पेशींबाहेरचं पाणी सांभाळतं. रक्तात लिटरला साधारण ९६ ते १०६ मिलीमोल असतं आणि नॉर्मल सलाईनमध्ये (म्हणजे मिठाच्या पाण्याच्या बाटलीत) १५४, म्हणजे नाव नॉर्मल पण क्लोराईड जवळपास दीडपट. लिटरवर लिटर चढवलं की रक्त आम्लाकडे झुकतं, आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट, दुसऱ्या प्रकारचं सलाईन) क्लोराईड कमी असतं.

आता आमच्या आईचं. हार्ट कमजोर, पायाला सूज, मीठ जवळपास बंद. श्रावणात उपास करून अशक्तपणा आला तर मी ड्युटीवर असताना दादा तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि स्वतःच म्हणाला दोन बाटल्या लावा, तरतरी येईल. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं हो! जिला आम्ही पापडाचा तुकडा देत नव्हतो तिला एका दुपारी ९ ग्रॅम मीठ शिरेतून गेलं. रात्री दोनला तिला आडवं पडवेना, बसली तरी धाप, स्टेथो लावला तर छातीत नुसती खरखर. तालुक्याला नेलं, ऑक्सिजन, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध), पहाटे भरपूर लघवी झाली तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. दादा अजून म्हणतो गॅस झाला होता. अरे दादा, लॅसिक्सने गॅस जात नाही, अंगात साठलेलं पाणी जातं.

आणि ग्लुकोजची बाटली म्हणाल तर ५ टक्केवाल्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, साधारण १०० कॅलरी, एक भाकरी त्याहून जास्त देते.

हां, सलाईन वाईट असं म्हणत नाहीये. सारख्या उलट्या होत असतील तर क्लोराईडच बाहेर जातं, तेव्हा नॉर्मल सलाईनच लागतं, डोक्याला मार असेल तरी डॉक्टर बहुतेक तेच देतात. जुलाबात अंगातलं पाणी फार गेलं असेल तर सलाईनने जीव वाचतो. पण पिता येत असेल तर ओआरएस प्या. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे कितीतरी पेशंट वाचवले.

घरी हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर सुई लावायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा, फाईल दाखवा. आईची फाईल त्या दिवशी घरी कपाटातच होती.