भूत, प्रेम आणि रात्रीची लाईन: वाचक विचारतात

भूत असलेली, हसवणारी आणि मोठ्यांसाठीची प्रेमकादंबरी लिहून राहिले असाल तर अडचणी पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. भरपूर आल्या. सगळ्यांना उत्तर देता येत नाही, राग मानू नका.

प्रश्न : भाऊ, माह्या कादंबरीत पिंपळावरचा मुंजा गावच्या ग्रामसेविकेच्या प्रेमात पडते. बरीच पानं झाली, पन हसूच येत नाही. काय चुकून रायलं? (एक वाचक, दर्यापूर)

आधी मुंजाचं बघू. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलं ते पोरगं म्हणजे मुंजा, असंच आपल्याकडं मानतात. म्हणजे तो पोरगा आहे, मोठ्यांच्या प्रेमकथेत त्याला हिरो करायचंच नाही, विषय संपला. पिंपळावर राहू द्या त्याला, चहाड्या करेल, बोरं मागेल. हिरो चांगला चाळिशीतला माणूस घ्या.

आता हसू. तुमच्या पानांत भूत मॅडमला भेटतं ते पिंपळाखाली, चांदण्यात, आणि मधे कोणी म्हणजे कोणीच येत नाही. अहो भाऊ, गावात एवढा एकांत मिळत असता तर लोकांनी लग्नं कशाला केली असती! कोणाची मोटरसायकल कोणाच्या दारात किती वेळ उभी होती हे सकाळी दूध घालायला गेलेल्या माणसाला तिथंच कळतं, त्याच्या बायकोला त्याच्याही आधी कळलेलं असतं. प्रेम करणाऱ्यांना मग जागा उरते कोणती, तर पडका वाडा, गावाबाहेरची बुजत चाललेली विहीर, मसणवटीकडचा नाला, बंद पडलेली कापसाची जिनिंग. आणि भुतांच्या नावावर गावानं लिहून दिलेल्या जागाही ह्याच. तुमची कादंबरी इथं आहे. भूत आणि माणूस एकाच जागेवर हक्क सांगून राहिले, दोघांनाही गावापासून लपायचंय.

ग्रामसेविका तर तुमच्याकडं आहेच, तिला नुसती सुंदर कशाला ठेवली? वाडा गावठाणातला, म्हणजे सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, लागेल. त्याच्यावर अजून मेलेल्या मालकाचंच नाव, वारसांनी नोंद केली नाही कारण भावाभावांत भांडण, घरपट्टी थकलेली. मार्च एंडिंगला ती वसुलीची नोटीस चिकटवायला येते आणि मालक स्वतः दार उघडतो. तो म्हणतो मी मेलोय, ती म्हणते मृत्यूचा दाखला दाखवा. एवढं एक प्रकरण नीट लिहा, चांदणं लागणार नाही.

प्रश्न : दोघांना रात्री एकत्र आणायला दरवेळी अमावस्या लिहून कंटाळा आला. दुसरं काही सुचवा नं. (एक वाचक, मारेगाव)

अमावस्या कशाला, लाईन आहे की! शेतीपंपाची थ्री फेज आठवड्यात काही दिवस रात्रीच येते, आणि हरभरा-गहू ओलायला माणूस डोक्याला मफलर, हातात बॅटरी घेऊन पौषाच्या थंडीत एकटा शेतात जातो. आपल्या भागात तरण्या माणसाला रात्रभर घराबाहेर राहायचं याच्याइतकं सज्जन कारण नाही, बायकोसुद्धा डबा भरून देते. आता सोलर पंप वाढून राहिले, दिवसा पाणी मिळतं, शेतकऱ्याचं भलंच झालं, पण तुमच्या नायकाचं कारण गेलं. म्हणून काळ नक्की करून घ्या. किंवा उलटं करा, सोलर पंप मंजूर झाला म्हणून सगळं घर पेढे वाटतंय आणि हा एकटाच तोंड पाडून बसलाय.

आणि चकवा विसरू नका. माहितीच्या रस्त्यावर माणूस रात्रभर गोल गोल फिरतो, पहाटे शुद्ध येते तेव्हा आपल्याच धुऱ्यावर उभा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. याच्याइतका सोयीचा बहाणा दुसऱ्या कुठल्या मुलखात असेल असं मला वाटत नाही. पहिल्या वेळी घरचे घाबरतात, दुसऱ्या वेळी लिंबू उतरवतात, तिसऱ्या वेळी आजी विचारते, "चकव्याच्या अंगाले पावडरचा वास कसा येते रे बापा?" गंमत अशी की तुमच्या गोष्टीत खरा चकवापण असेल, तो बिचारा रोज आपलं नाव बदनाम होताना बघतो.

झाडीपट्टीकडचे, म्हणजे पूर्व विदर्भातले, असाल तर आणखी सोपं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकं सुरू झाली की अख्खं गाव रात्रभर मंडपात, घरं रिकामी. फक्त भुतालाच नाटकाचा नाद असेल तर? ती वाट पाहून राहिली वाड्यात आणि हा पहिल्या रांगेत बसून रडून राहिला.

प्रश्न : ताई, माझी नायिका खरीच हडळ आहे पण गाववाले भलत्याच म्हातारीला करणी करणारी समजून मागं लागतात, असा कॉमेडी ट्रॅक घेतलाय. चालेल का? (एक वाचिका, देसाईगंज)

या पानावर आम्ही दोघं उत्तरं देतो, हे मी देते. चालणार नाही गं. म्हणजे कायद्यानं कोणी तुला अडवत नाही, पण तुझ्याच भागातला वाचक हसणार नाही. 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं होतं. अशी म्हातारी धावताना कोणाला गंमत वाटेल?

हसायचंच आहे तर ज्याच्या खिशात पैसे जातात त्याला धर. मांत्रिक येतो, अंगारा, काळी कोंबडी, अमुक हजार रुपये, आणि खरी हडळ आड्यावर बसून बघून राहिली. तो तिला भलत्याच नावानं हाक मारतो, तिचे पाय उलटे आहेत हे त्याला दिसतसुद्धा नाही, शेवटी तिलाच अपमान वाटतो की माझ्या नावावर एवढे पैसे आणि मला साधी साडी नाही. मग तीच त्या म्हातारीला घेऊन पोलीस ठाण्यात जाते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, दंड 5 हजार ते 50 हजार, आणि तक्रार घ्यायला दक्षता अधिकारी असतो. फिर्यादीनं सही करायची म्हटल्यावर हडळ आधार कार्ड कुठून आणेल ते तू बघ.

प्रश्न : भूत कशानं मेलेलं दाखवू? आमच्याकडं सहज सुचतं ते एकच. (एक वाचक, दारव्हा)

तुम्हाला काय म्हणायचंय ते समजलं, भाऊ. फवारणीचं औषध आणि कर्ज या कादंबरीत आणू नका. यवतमाळच्या वाचकाच्या नात्यात नाहीतर शेजारी कोणी ना कोणी असतंच, तो पुढचं पान उलटणार नाही, आणि उलटलं तरी तुमच्या विनोदाला माफ करणार नाही.

शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, शौकीन घ्या की. छकड्यावरून पडून 2013 साली गेला. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, हा सात वर्षं रिकाम्या मैदानात बसून. 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली, मैदानात परत धुराळा, याचा जीव हरखला, पण आता मोक्ष मिळायची वेळ आणि नेमकी तेव्हाच ती भेटली. त्याला जायचं नाहीये. इथं दुःखही आहे आणि कोणाच्या जखमेवर पाय पडत नाही.

प्रश्न : "मोठ्यांसाठी" म्हणजे किती मोठ्यांसाठी? मी शाळेत शिक्षक आहे, घरीही वाचतील. (नाव नको म्हणणारे, मेहकर)

कायद्याची भीती असेल तर एक ऐका. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून कोर्टात गेली. हायकोर्टानं दोषी धरलं, सुप्रीम कोर्टानं 1969 मध्ये सोडलं, आणि समाजाच्या कल्पना बदलत जातात हेही सांगितलं. तेव्हापासून पुलाखालून बरंच पाणी गेलं. टोपणनाव घ्या, नायक-नायिका दोघंही सज्ञान आणि दोघांचीही मर्जी, एवढं पाळा. भूत अदृश्य होऊन आंघोळ बघतं वगैरे प्रकार काही जणांनी पाठवलेत, तो रोमान्स नाही, ती छेडछाड आहे, मेलेल्यानं केली तरी.

बाकी तुमचा प्रसंग वाचला, "ज्वालामुखी उसळला" वगैरे काढून टाका. टिनाच्या छपराखाली बाजेचा आवाज होतो, पलीकडं सासू जागी, भिंतीतून आरपार जाणाऱ्या नवऱ्याला नेमकं बाजेवर वजन टाकता येतं का नाही हेच दोघांना माहिती नाही. यात शृंगार पुरेसा आहे.

प्रश्न : शेवट सापडत नाही. भूत माणूस करून टाकू का? (एक वाचिका, कुही)

नका करू, सगळे तेच करतात. तुमच्याकडं मारबत आहे नं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मोठा पुतळा मिरवत नेतात आणि गावातली सगळी रोगराई, ढेकूण-मच्छर, भूतबाधा "घेऊन जा गे मारबत" म्हणत हाकलतात. नागपूरची काळी मारबत 1881 पासूनची आणि पिवळी 1885 पासूनची, म्हणजे भुतापेक्षा वयानं मोठ्या, त्यांच्यापुढं तो चळचळ कापेल. त्या दिवशी नायिकेला त्याला घरात लपवायचंय, आणि नेमके पाहुणे आलेले, पोरं दारात ओरडून राहिली. तो जातो का राहतो हे तुम्ही ठरवा, पण ठरवताना तिला दारात उभी करा, त्याला नाही. पहिली तीन प्रकरणं पाठवा, युनिकोडमध्ये टाईप करून, वहीचे फोटो नकोत.