काकबळीत बळी कोणाचा?

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाला शाळेत 'काकबळी'चा विग्रह विचारला होता. त्याने 'काकाचा (म्हणजे कावळ्याचा) बळी' लिहिलं आणि बाईंनी बरोबरची खूणही केली. घरी आजी म्हणाल्या, "अरे, कावळ्याला कोण मारतं?" मग खरं काय, आणि लिहायचं 'बळी' की 'बली'?

खरं आजींचं. पोराचा मात्र दोष नाही. पेपर उघडला की 'पुराने घेतले चार बळी', 'खड्ड्याने घेतला तरुणाचा बळी'. रोज हेच वाचून बळी म्हणजे मेलेला माणूस, असंच डोक्यात बसतं. त्यातही 'बळीराजाचा बळी' हा मथळा दिसला की मी पेपर घडी करून ठेवतो. विदर्भात बसून शेतकऱ्याच्या मरणावर शब्दाची कोटी सुचतेच कशी? वास्तविक 'बळीचा बकरा' म्हणताना बकरा वेगळा आणि बळी वेगळा, हे आपणच मान्य केलेलं असतं.

विग्रहाचा निकाल पाणिनीने कधीच लावून ठेवलाय: 'चतुर्थी तदर्थार्थबलिहितसुखरक्षितैः' (2.1.36). चतुर्थीच्या समासाचं सूत्र, आणि त्यात 'बलि' चक्क नावानिशी! या सूत्रांवरच्या 'काशिका' या जुन्या टीकेतलं उदाहरण आहे 'कुबेराय बलिः कुबेरबलिः'. इथे कुबेराला कोणी कापलेलं नाही, त्याला दिलंय. तसा काकबळी म्हणजे काकासाठी बळी. 'नरबळी'त मात्र नर हाच बळी. दिसायला दोन्ही समास सारखे, घोटाळा होतो तो इथेच.

अमरकोशात तर कावळ्याच्या नावांतच 'बलिपुष्ट' आणि 'बलिभुक्' आहेत. बळीवर पोसलेला, बळी खाणारा. ज्याचं नावच जेवणाऱ्याचं, त्याला आपण ताटात वाढायला निघालो!

हे जेवण रोजचं होतं. स्वयंपाक झाला की घरच्यांच्या आधी वैश्वदेव: थोडं अन्न अग्नीत, मग बलिहरण, म्हणजे भाताच्या छोट्या मुदी जमिनीवर मांडायच्या. मनुस्मृती पंचमहायज्ञ सांगताना 'होमो दैवो बलिर्भौतः' म्हणते. होम देवांचा, बळी भूतमात्रांचा. दाराशी मरुतांना, उखळ-मुसळापाशी वनस्पतींना. पुढे कुत्रे, कावळे, किडामुंगी, आणि हे ठेवायचं 'शनकैः', अगदी हळूच. त्याच ओळीत पतित आणि श्वपच (कुत्रं शिजवून खाणारे) म्हणून माणसंही बसवली आहेत, ते वाचताना दर वेळी टोचतं. पण सबंध विधीत सुरी कुठेच नाही. क्रियापद आहे 'हृ', आणून देणं.

आता माझ्या आवडीचं. बलि म्हणजे कर! ऋग्वेदात राजाला बलि आणून देणारी प्रजा 'बलिहृत्' आहे. अशोकाने राज्याभिषेकानंतर 20 वर्षांनी लुंबिनीला जाऊन स्तंभ उभारला, त्यावर ते गाव 'उबलिके' केल्याचं कोरलंय, म्हणजे बलीतून मोकळं. कालिदासाच्या 'रघुवंशा'तला दिलीप राजाही प्रजेकडून 'बलि' घेतो, तो तिच्याच भल्यासाठी. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश हा शब्द 'बल्' धातूकडे नेतो. मला ते अजिबात पटत नाही. बलिहृत्, बलिहरण, जिथे पाहावं तिथे वाहून आणणं आहे, बळाचा संबंधच काय? दुसरे संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्स 'कदाचित' म्हणून का होईना 'भृ', म्हणजे वाहणं, सुचवतात. मी त्यांच्या बाजूचा. आणि माझं ठाम मत असं की घरातला बळी हासुद्धा करच. ज्यांच्या जागेत आपण चूल मांडली, त्या मुंग्या-पाखरांचा वाटा आधी चुकता करायचा, मग घास घ्यायचा.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी सर्वपित्रीला आई पळसाच्या पानावर भात, वडा, कढी आणि वर खीर वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवायची. कावळा आधी वडा उचलायचा, पान कलंडून खीर कठड्यावरून ओघळायची, आणि तोवर खाली कोणाचंही पान वाढलं जात नसे. आई म्हणायची, "त्याचं झालं, आता बसा."

हो, लिहायचं 'बळी', दीर्घ. संस्कृत समासात आधी आला की ऱ्हस्व: बलिदान, बलिपुष्ट. आणि ताई, त्या उत्तराखाली 'काकासाठी बळी' लिहून वही परत शाळेत पाठवा.