कोटलिन की फ्लटर? उत्तर फोल्डरमध्ये होतं

"मॅडम, अ‍ॅप बनवायला शिकायचंय. कोटलिन घेऊ, फ्लटर घेऊ की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?"

ठाण्यात करिअर समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न वारंवार येतो. कोटलिन ही अँड्रॉइड अ‍ॅपची भाषा; फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप बनवायची साधनं, पण बोलताना सगळे त्यांनाही भाषाच म्हणतात. प्रश्नामागची धास्तीही ठरलेली असते: चुकीची भाषा निवडली तर वर्ष वाया जाईल. ऐरोलीच्या कंपनीतला मामेभाऊ एक सांगतो, स्टेशनजवळचा क्लासवाला दुसरंच, आणि यूट्यूब रोज तिसरं. म्हणून एकीशी झालेल्या भेटींचा गोषवारा तिच्या परवानगीने देते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

प्राजक्ता तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सचं काम करणारी. राहायला कासारवडवलीला. पहिल्या भेटीत तिने वही काढली. त्यात भाषांचा तक्ता होता: पगार, मागणी, वेग, भविष्य. प्रत्येक रकान्यात गुण आणि खाली बेरीज. दोन भाषांची बेरीज सारखी आल्यामुळे ती अडली होती.

"यातलं काय करून पाहिलंस?" मी विचारलं.

"सगळंच थोडं थोडं."

"लॅपटॉप आणलायस? मग ते थोडं थोडं दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. एका फोल्डरात चार फोल्डर होते, तारखेनुसार लावलेले. पहिल्या दोघांची नावं अँड्रॉइड स्टुडिओने, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बनवायच्या गूगलच्या सॉफ्टवेअरने, आपणहून दिलेलीच होती, 'माय अ‍ॅप्लिकेशन' आणि 'माय अ‍ॅप्लिकेशन २'. तिसरा फ्लटरचा, चौथा रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा. एकाही फोल्डरचं काम आठवड्यापलीकडे गेलेलं नव्हतं. मी म्हटलं, "प्रत्येकात शेवटच्या दिवशी काय झालं, एवढंच सांग."

पहिल्यात ती जावाचा (अँड्रॉइडची आधीची भाषा) जुना व्हिडिओ बघत होती. त्यातले सर 'अ‍ॅक्टिव्हिटी मेन' नावाची, स्क्रीनची मांडणी असलेली एक्सएमएल फाइल उघडायला सांगत होते आणि तिच्याकडे ती फाइलच नव्हती. असणारही नव्हती. आताच्या अँड्रॉइड स्टुडिओत 'एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी' निवडली की जेटपॅक कम्पोज ही स्क्रीन बनवायची नवी पद्धत वापरणारा प्रोजेक्ट मिळतो. त्यात स्क्रीन कोटलिनमध्येच लिहायची असते आणि जावाचा पर्यायच दिसत नाही. जुन्या पद्धतीसाठी 'एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी' निवडावी लागते.

दुसऱ्यात एम्युलेटर (लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा नकली फोन) सुरू केला की लॅपटॉप गोठायचा. रॅम आठ जीबी. अँड्रॉइड स्टुडिओ तेवढ्यात कसाबसा चालतो, पण सोबत एम्युलेटर आणि क्रोम उघडले की संपलं. एम्युलेटरसकट नीट काम करायचं तर सोळा जीबी हवी.

तिसऱ्यात 'फ्लटर डॉक्टर' या तपासणीच्या आज्ञेने अँड्रॉइडचे परवाने मान्य केले नसल्याची तक्रार केली होती. त्यावरची आज्ञा त्याच ओळीच्या शेजारी छापलेली होती. चौथ्यात एक्स्पोचा (रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं अ‍ॅप फोनवर चालवून बघायचं साधन) क्यूआर कोड स्कॅन करूनही अ‍ॅप उघडेना, कारण लॅपटॉप घरच्या वायफायवर आणि फोन मोबाइल डेटावर होता. साधारणपणे दोन्ही एकाच वायफायवर असावे लागतात.

"आता सांग, या चारांत भाषेचा दोष कुठे आहे?"

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. अशा वेळी समुपदेशकाची जीभ वळवळते, दोन समजुतीचे शब्द बोलावेसे वाटतात. गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. शेवटी तीच म्हणाली, "कुठेच नाही. लाल अक्षरं दिसली की मी भाषा बदलते."

सगळ्या भेटींचं सार या एका वाक्यात आहे. 'कोणती भाषा?' हा प्रश्न पुष्कळदा निवडीचा नसतो, एरर आल्यावर पळायची ती वाट असते. नव्या भाषेत पहिले चार दिवस सगळं सोपं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा लाल अक्षरं येतात आणि तक्त्यात एक रकाना वाढतो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच मांडलं होतं की माणसं सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम शोधत बसत नाहीत. एक किमान अपेक्षा ठरवतात आणि ती पुरी करणारा पहिला पर्याय घेतात. मी याच विचाराची आहे. पगार आणि भविष्य यांची बेरीज करण्यापेक्षा आधी तीन गोष्टी विचाराव्यात: अ‍ॅप कोण वापरणार, त्याच्या हातात कोणता फोन आहे, आणि आपल्याकडे कोणतं यंत्र आहे.

प्राजक्ताचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. टँकर आला की वॉचमन वहीत वेळ, गाडीचा नंबर आणि लिटर लिहितो. महिनाअखेरीस बिल आणि वही जुळत नाही, मग सभेत वादावादी. ही वही तिला फोनवर आणायची होती. वॉचमनकडे अँड्रॉइड फोन, तिच्याकडे विंडोज लॅपटॉप. तिन्ही उत्तरं कोटलिनकडे बोट दाखवत होती. उत्तर तिनेच दिलं, मी फक्त मान हलवली.

"पण कोटलिन उद्या बंद पडली तर?"

गूगलने कोटलिनला २०१७ मध्ये अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून अँड्रॉइडसाठी तिलाच प्राधान्य दिलं आहे. शिवाय व्हेरिएबल, अट, यादी, फंक्शन, क्लास हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावं लागत नाही.

तुमची तीन उत्तरं वेगळी असतील तर निवडही वेगळी होईल. वेबसाइटचं काम करून जावास्क्रिप्ट येत असेल तर एक्स्पोसह रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या. पहिल्या दिवसापासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही हवे असतील आणि नवी भाषा शिकायची तयारी असेल तर फ्लटर. मॅक आणि आयफोन हाताशी असेल तर स्विफ्ट ही अ‍ॅपलची भाषा. यापेक्षा जास्त विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची आखणी अशी ठरली. पहिले दोन आठवडे अँड्रॉइड स्टुडिओला हातच लावायचा नाही. ब्राउझरमधल्या कोटलिन प्लेग्राउंडवर रोज पाऊण तास. मग गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कम्पोज' हा मोफत अभ्यासक्रम, तोच एक. एम्युलेटरऐवजी स्वतःचा फोन: सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू. शाओमीच्या फोनवर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हेही चालू करावं लागतं. फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला, कारण काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडचं अ‍ॅप बनताना, ग्रेडल हे अ‍ॅप जुळवणारं साधन बरंच काही डाउनलोड करतं. अँड्रॉइड स्टुडिओतली खालची पट्टी सरकत असेल तोवर बंद करू नका, आणि 'अपग्रेड करा' म्हणणारी प्रत्येक सूचना मान्य करत सुटू नका.

आणि लाल अक्षरांसाठी एक नेम. अ‍ॅप बंद पडलं की लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइड स्टुडिओतली फोनच्या नोंदींची खिडकी) 'कॉज्ड बाय' शोधायचं, त्याखाली आपल्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ गाठायची आणि एररचा अर्थ वहीत मराठीत लिहायचा. तो लिहून होईपर्यंत दुसऱ्या भाषेचा व्हिडिओ उघडायचा नाही.

फोन आडवा केला की भरलेले आकडे पुसले जातात, हे तिच्या वहीतलं पहिलं पान. कोडमधल्या 'रिमेंबर'च्या जागी 'रिमेंबर सेव्हेबल' वापरून ते सुटलं. अ‍ॅप बंद केलं की नोंदी जातात, म्हणून नोंदी फोनमध्ये साठवणारा रूम डेटाबेस. त्यावर मुख्य थ्रेडवरून, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावरून, डेटाबेस वापरता येत नाही अशी एरर, म्हणून स्क्रीन न अडवता काम करणारं सस्पेंड फंक्शन. या एररवर ती तीन दिवस अडली होती, पण पाचवा फोल्डर तिने उघडला नाही.

अ‍ॅपची एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची, फाइल वॉचमनच्या फोनवर थेट टाकली. एका सोसायटीपुरतं प्ले स्टोअर लागत नाही. तिथे एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "अध्यक्षांकडे आयफोन आहे, त्यांनाही हवंय. मग आता फ्लटर शिकू का?"

"आयफोनसाठी बिल्ड करायचं तर फ्लटर असलं तरी मॅक लागतो. अ‍ॅप स्टोअरवर टाकायचं तर वर्षाला नव्व्याण्णव डॉलर. सोसायटी देणार आहे?"

"ते टँकरचेच पैसे वेळेवर देत नाहीत," ती म्हणाली. अध्यक्षांना महिन्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ठरलं.