पाळणाघरात बाळांच्या खोलीत बाहेरच्या चपला-बूट चालावेत का?

तुम्ही लिहिले आहे की सात महिन्यांच्या बाळासाठी बेळगावात पाहिलेल्या पाळणाघरात सांभाळणाऱ्या बायका आणि मुलांना सोडायला येणारे पालक चपला-बुटांनिशीच बाळांच्या खोलीत वावरतात. विचारल्यावर ‘आम्ही दिवसातून दोनदा फिनेलने फरशी पुसतो’ असे उत्तर मिळाले, आणि घरच्यांना वाटते की तुम्ही उगाच बाऊ करत आहात. मी गेली चौदा वर्षे बेळगावच्याच शहापुरात पाळणाघर चालवते. माझ्या मते तुमचा आग्रह पूर्णपणे रास्त आहे. रांगणाऱ्या बाळांच्या खोलीत बाहेरची पादत्राणे येता कामा नयेत.

साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात बाळ रांगू लागते. त्या काळात त्याचे तळहात दिवसभर फरशीवर असतात आणि तेच तळहात दर थोड्या वेळाने तोंडात जातात. जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू ते आधी तोंडाने तपासते, आणि त्याचे नाकही जमिनीपासून वीतभर अंतरावर असल्याने पायांनी उडालेली धूळ त्याच्याच श्वासात अधिक जाते. आपल्याकडे पंगतीत कोणी चपला घालून वाढायला येत नाही, कारण जेवणाऱ्यांची पाने जमिनीवर मांडलेली असतात. बाळांच्या खोलीत ही पंगत सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उठतच नाही. नोकरदार आईच्या बाबतीत वेळही नेमकी हीच येते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्यातले काही आठवडे बहुतेकींचे प्रसूतीच्या आधीच खर्च होतात, त्यामुळे बाळ पाळणाघरात पाऊल टाकते ते रांगण्याच्या तोंडावरच.

आता तळव्यांना चिकटून काय येते ते आपल्या भागापुरते सांगते. पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत तुंबलेल्या गटाराचे पाणी रस्त्यावर येते, त्यातच गोठ्यातून जाणाऱ्या म्हशींचे शेण असते, आणि येळ्ळूरकडून येणाऱ्यांच्या बुटांना काळी माती तर खानापूरकडून येणाऱ्यांच्या बुटांना तांबडी माती थापलेली असते. निव्वळ मातीची मला भीती वाटत नाही. मात्र जिथे माणसांची घाण मातीत मिसळते, तिथे जंतांची अंडीही असतात. ती मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि ओलसर सावलीत महिनोन्‌महिने टिकतात. शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशकाची गोळी देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली, पण ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आतील बाळाला त्या गोळीचा आधार नाही, त्यामुळे त्याच्यापुरते घाण दूर ठेवणे एवढेच आपल्या हाती उरते.

यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंची. आमच्याकडे मुले सोडायला येणारे कोणी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतून रात्रपाळी संपवून येतात, कोणी बॅटरी दुरुस्तीच्या दुकानातून, कोणी सकाळीच उसावर औषध फवारून. निपाणीकडे तर तंबाखूच्या वखारीतून थेट मूल घ्यायला येणाऱ्या आया आहेत. कामाच्या जागेवरचे शिसे, कीटकनाशक किंवा तंबाखूची धूळ कपड्यांबरोबर आणि बुटांबरोबर घरी येते, हे आता चांगले ठाऊक झालेले आहे. शिशाची तर सुरक्षित मानता येईल अशी पातळीच नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या भिंतींचे पोपडे मात्र जुन्या गल्ल्यांमधून अजूनही पडतात आणि पायांखाली येतात.

माझ्याच पाळणाघरातला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. सुरुवातीच्या दोन वर्षांत मीही पालकांना बुटांसह आत येऊ देत असे, कारण सकाळच्या घाईत त्यांना बंदाचे जाड बूट काढायला लावणे मला अवघड वाटे. एके दिवशी आठ महिन्यांच्या एका मुलीच्या तोंडातून मी लेथवर निघणारा लोखंडाचा वळलेला कीस बाहेर काढला. तो कोणाच्या तरी बुटाच्या खाचेत अडकून आला आणि चटईवर गळून पडला होता. तिच्या ओठाला ओरखडा आला, एवढ्यावरच निभावले. पण तिच्या आईला ते सांगताना माझे हात कापत होते, आणि त्याच संध्याकाळी मी दाराबाहेर बाक ठेवला.

फिनेलच्या उत्तराने समाधान का मानू नये, तेही सांगते. आठ वाजता पुसलेल्या फरशीवर नऊ वाजता वीस जोड बूट फिरले तर त्या पुसण्याचा उपयोग तासाभरापुरताच झाला. शिवाय जंतांच्या अंड्यांचे कवच इतके चिवट असते की नेहमीच्या जंतुनाशकांनी ती मरत नाहीत, आणि शिसे तर मारण्याची गोष्टच नव्हे, ते पुसून उचलूनच न्यावे लागते. उलट फिनेलचा उग्र थर फरशीवर राहिला तर तोही बाळाच्या तळहातावरून तोंडात जातो. बाळांच्या खोलीत कोरडा झाडू मारू नये, त्याने धूळ फक्त हवेत उडते. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांत घाण बसते, तिथे आठवड्यातून एकदा ब्रश लागतो.

नुसती ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लावल्याने मात्र आपल्याकडे काम भागत नाही. ब्रिटनमधल्या पुष्कळ पाळणाघरांत बाळांच्या खोलीत शिरताना बुटांवर प्लास्टिकची आवरणे चढवतात. तिथे लोक बंद बूट वापरतात, म्हणून आतला पाय स्वच्छ असतो. आपल्याकडे बहुतेकजण उघड्या चपलांत चालतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये चप्पल काढली तरी चिखल बोटांच्या बेचक्यांतून आत येतोच. म्हणून दाराशी नळ किंवा निदान बादली-तांब्या हवा, पाय धुवायला हवेत आणि मुख्य म्हणजे ते कोरडे करायला हवेत, कारण ओल्या पायांनी टाइल्सवर बाळ कडेवर घेऊन चालणे हा स्वतंत्र धोका आहे. त्या दिवसांत पायपुसणे चार-चार दिवस वाळत नाही आणि दिवसभर ओले राहिलेले पायपुसणे स्वतःच घाणीचे आगर बनते, म्हणून मी पावसाळ्यात सहा पायपुसणी फिरवून वापरते. ज्यांच्या बोटांना चिखल्या झाल्या आहेत त्यांनी बाळांच्या चटईवर अनवाणी जाऊ नये.

सांभाळणाऱ्या बायकांनी दिवसभर अनवाणीच राहावे, असे माझे म्हणणे नाही. आठ-नऊ तास गार फरशीवर उभे राहून टाचा धरतात, आणि मधुमेह असलेल्या बाईने तर अनवाणी राहूच नये. त्यांच्यासाठी फक्त आत वापरायच्या, न घसरणाऱ्या तळाच्या चपला पाळणाघराने आपल्या खर्चाने द्याव्यात, त्या दर आठवड्याला धुवाव्यात आणि उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत. जपानमधल्या शाळांत मुलेसुद्धा आत वापरायचे बूट वेगळे ठेवतात, तेव्हा ही काही अशक्य मागणी नव्हे. पालकांनी तर आत यायचीही गरज नसते. बाळ दारातच हातात घ्यावे म्हणजे बूट काढण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि त्यांची एस.टी.तल्या फरशीवर ठेवलेली पिशवीही बाहेरच राहते. माझ्या दारावरची सूचना मी मराठीतही लिहिली आहे आणि ‘चप्पली होरगे बिडी’ अशी कन्नडमध्येही, शेजारी चपलेवर फुली मारलेले चित्र आहे, कारण आमच्याकडे दोन्ही भाषांची घरे आहेत आणि काही आज्यांना दोन्हींतले वाचता येत नाही.

‘मातीत खेळल्याने अंगात ताकद येते’ असे तुमच्या घरचे म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे, आणि मी स्वतः बाळांना अंगणातल्या स्वच्छ मातीत बसवते, मग त्यांचे हात धुते. तिथे मी कधी, कोणती माती हे ठरवते. बुटांबरोबर काय येते ते कोणीच ठरवत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाळणाघरातले जुलाब, सर्दी आणि तोंड-हातावरचे फोड हे बुटांपेक्षा हातांमधून, लंगोट बदलण्याच्या जागेवरून आणि चोखलेल्या खेळण्यांमधून कितीतरी अधिक पसरतात. एखाद्या ठिकाणी चपला बाहेर काढत असतील पण लंगोट बदलल्यावर साबणाने हात धूत नसतील, तर बूट घालणारे पण हात धुणारे पाळणाघर मी त्याहून बरे म्हणेन. म्हणून पाहणीला जाल तेव्हा नुसत्या उंबऱ्याकडे पाहू नका. सकाळी मुले सोडण्याच्या वेळी जा, अर्धा तास थांबा आणि एका बाळाचा लंगोट बदलेपर्यंत पाहा.

बोलताना पाळणाघराच्या बाईंना दोष देऊ नका. बाक, बादली आणि चार जोड चपलांचा खर्च सांगा, तो एका महिन्याच्या फीपेक्षा कमी असतो आणि दोन-तीन पालकांनी मिळून उचलला तरी चालतो. त्यांनी तरीही एकच बदल करायची तयारी दाखवली, तर आधी मागा तो संडास-न्हाणीच्या चपला वेगळ्या ठेवण्याचा, त्या त्याच दाराशी काढण्याचा. रस्त्यावरून आलेल्या बुटांपेक्षा तिथून थेट चटईपर्यंत येणाऱ्या चपला मला अधिक घातक वाटतात, आणि मुले सोडून लगेच निघून जाणाऱ्या पालकांना त्या कधी दिसत नाहीत.