आईला बीआरसीए२ या जनुकातल्या दोषामुळे स्तनाचा कॅन्सर झाला होता, तर मुलाला प्रोस्टेटच्या (पुरुषांतल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा धोका असतो का?

हो, वाढीव धोका असतो, पण तो दोष तुमच्यात उतरला असेल तरच, आणि ती शक्यता ५० टक्के. हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही, त्यामुळे ते आईकडून मुलालाही मिळतं. ‘बायकांचा आजार’ म्हणून घरातले पुरुष तपासणीतून अंग काढून घेतात ते उगाचच. बीआरसीए२चं काम तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याचं. ते बिघडलं की पेशींत चुका साचत जातात. लंडनहून चालवलेल्या ‘इम्पॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या २०१९च्या निष्कर्षांत बीआरसीए२ दोष असलेल्या पुरुषांत हा कॅन्सर जास्त प्रमाणात, कमी वयात आणि अधिक गंभीर स्वरूपात आढळला. म्हणून अशांना साधारण चाळिशीपासून पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) सुचवतात.

आईच्या जेनेटिक रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबाबत सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा. त्यात लिहिलेला नेमका बदल तुमच्या रक्तात किंवा लाळेत शोधला की बहुतेकदा पुरतं. अनेक जनुकं एकत्र तपासणारं महागडं पॅनेल लागेलच असं नाही. मात्र त्या बदलापुढे ‘व्हीयूएस’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ अजून निश्चित झालेला नाही. त्यावरून घाबरूही नका आणि निर्णयही घेऊ नका.

जनुकांतल्या शेकडो छोट्या बदलांची बेरीज करून धोक्याचा आकडा देणारी किटही विकली जातात. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, तेव्हा आपल्याकडे तो आकडा जपूनच वाचावा.