टीकॅस 'खाली' म्हणतं आणि कंट्रोलर 'वर', तर पायलट कोणाचं ऐकतो?

टीकॅसचं, म्हणजे दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळायला विमानात बसवलेल्या यंत्राचं. जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर उलटं सांगत असला तरी. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर हा वाद कायमचा मिटला. तुपोलेव या रशियन प्रवासी विमानाला यंत्र 'वर' म्हणत होतं, कंट्रोलर 'खाली'. त्याचे पायलट कंट्रोलरचं ऐकून खाली गेले, आणि समोरचं मालवाहू बोइंग यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली. दोन्ही यंत्रं आपसात ठरवून एकाला वर, एकाला खाली पाठवतात. एकाने मोडता घातला की दुसऱ्याचा आज्ञाधारकपणाही अंगाशी येतो.

पण मी लिहायला बसलो ते तुम्ही पुढे जे विचारलंय त्यामुळे: 'विमान डोळ्यांना दिसत असेल तर अनुभवी पायलट स्वतःचं डोकं वापरत असेल ना?' वापरतो. तेच तर दुखणं आहे.

मी तेव्हा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो. स्वच्छ रात्र, विमान मी चालवत होतो. टीकॅस बोललं, 'ट्रॅफिक, ट्रॅफिक.' पडद्यावर उजव्या अंगाला पिवळा ठिपका. यावर काही करायचं नसतं, फक्त हात तयार ठेवायचे. थोड्याच सेकंदांत त्याचा लाल चौकोन झाला: 'डिसेंड, डिसेंड.' मी ऑटोपायलट काढला, नोज खाली घेतलं, तेवढ्यात कॅप्टन म्हणाले, 'थांब रे, दिसतोय मला, लांब आहे,' आणि कंट्रोल्स स्वतःकडे घेतले. विमान पुन्हा सरळ, चढ-उताराचा वेग दाखवणारी सुई टीकॅसने मनाई केलेल्या लाल पट्ट्यात. मग 'इन्क्रीज डिसेंट, इन्क्रीज डिसेंट', म्हणजे अजून वेगाने खाली. आता मात्र त्यांनी नोज दाबलं. मागे गॅलीत काहीतरी आदळलं, ते कॉकपिटपर्यंत ऐकू आलं.

त्यांना दिसलेला दिवा डावीकडे होता.

उतरल्यावर मी हे बोललो, तर म्हणे टीकॅसची दिशा पक्की नसते. नसतेच. अंतर आणि उंची त्याला नीट कळते, दिशेत ते चुकतं, म्हणून तर ते कधी 'डावीकडे वळ' म्हणत नाही. पण थोडी चूक वेगळी आणि डाव्याचं उजवं होणं वेगळं. आणि रात्री एकट्या दिव्यावरून 'लांब आहे' हे कुणाला कळतं? मला तरी नाही. पहिल्याच आदेशाला पाच सेकंदांत हलकेच नोज खाली गेलं असतं तर मिनिटाला १५०० फूट पुरले असते, प्रवाशांना पत्ताही लागला नसता. उशीर केला म्हणून २५०० लागले. 'यंत्राने घाबरवलं' हे त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही.

हो, एक राहिलं. स्टॉल (पंखांचा उचल देणं थांबणं), विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल) किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा त्याच वेळी वाजला तर आधी तो, टीकॅस नंतर. आणि समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे टीकॅसला उत्तर देणारं रेडिओ यंत्र, बंद असेल तर टीकॅस आंधळंच, तिथे डोळेच कामाला येतात. त्यामुळे बाहेर बघू नका असं माझं म्हणणं नाही.

आता डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टनच्या जागी, मी असतो. नव्या फर्स्ट ऑफिसरला ब्रीफिंगमध्येच सांगतो: आरए (टीकॅसचा 'वर' किंवा 'खाली' असा आदेश) वाजल्यावर मी 'दिसतोय' म्हणालो तर ऐकायचं नाही, यंत्र काय म्हणतंय ते मला मोठ्याने ऐकवायचं. परवा एकाने विचारलं, 'आणि सर, तुम्ही कंट्रोल्सच घेतलेत तर?'

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.