पुनरागमनाचा अल्बम करताना वाद्ये वेगवेगळी नोंदवू नका

आपला गराज पंक (कच्च्या, वेगवान रॉक संगीताचा) बँड १७ वर्षांनी पुन्हा उभा राहिला आहे, ११ नवी गाणी तयार आहेत, आणि चौघे चार शहरांत राहत असल्यामुळे प्रत्येकाने सवडीने येऊन क्लिक ट्रॅकवर (कानांत वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्यांवर) आपापले वाद्य नोंदवावे असे स्टुडिओने सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. आमच्या बँडलाही पुनरागमनाच्या वेळी अगदी हाच सल्ला मिळाला होता. आम्ही तो मानला आणि त्याची खंत मला आजही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तालमी, करार, जुन्या गाण्यांचे हक्क हे सारे आपल्याला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आमचा ड्रमर ध्रुवपद जवळ आले की किंचित पुढे धावत असे, माझी गिटार त्याच्यामागे ओढली जाई आणि बास जरासा मागे रेंगाळे. हे कोणी ठरवलेले नव्हते, पण ऐकणारे आम्हाला त्या ओढाताणीवरूनच ओळखत. स्टुडिओत ड्रमर दोन दिवस एकटा, कानांत ठोके ऐकत, इमानाने वाजवत राहिला, आणि त्यातूनही जे ठोके इकडेतिकडे झाले होते ते पुढे संगणकावर सरळ रेषेत बसवण्यात आले. मी तीन आठवड्यांनी रिकाम्या खोलीत त्यावर गिटार वाजवली. सुटे सुटे ऐकले तर एकही सूर चुकलेला नव्हता, परंतु सगळी वाद्ये एकत्र मिसळलेले मिक्स ऐकल्यावर आमच्या बासवादकाने विचारले, “यात आपण एकमेकांचे कुठे ऐकले आहे का?” त्याला कोणापाशीही उत्तर नव्हते.

आम्ही तक्रार केली तेव्हा स्टुडिओने “कच्चेपणा” आणण्यासाठी सगळ्यावर आणखी कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणे) आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणे) चढवले, आणि तेही फसल्यावर आता तुमचे वय झाले आहे असे सांगितले. ते शब्द मला अजून बोचतात. त्याहून मोठे नुकसान वेगळेच होते. सरळ करण्यापूर्वीचे ड्रमचे मूळ ट्रॅक आम्ही मागितले, तेव्हा ते जपून ठेवलेलेच नाहीत असे कळले. त्यामुळे सुधारण्यासारखे काही हाती उरले नाही आणि पूर्ण अल्बम पुन्हा नोंदवावा लागला. न हाताळलेले सर्व मूळ ट्रॅक जपले जातील आणि काम संपताच आपल्या ताब्यात येतील, हे पहिला पैसा देण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर अजिबात राहू नका.

या संगीताचा इतिहासही एकत्र वाजवण्याच्याच बाजूचा आहे. अमेरिकेतल्या टॅकोमाच्या द सॉनिक्स या गराज बँडचा पहिला अल्बम १९६५ साली दोन ट्रॅकच्या टेपवर नोंदवला गेला, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळे नोंदवायला जागाच नव्हती, आणि संपूर्ण ड्रम-संचासाठी एकच माइक होता. २०१५ साली त्यांनी पुनरागमनाचा अल्बम केला तोही मोनोमध्ये, म्हणजे सारे आवाज एकाच वाहिनीत. तेव्हा मूळ संचातले तिघेच होते, ड्रम आणि बासवर नवे वादक होते, तरी बँड तोच वाटतो. द स्टूजेस या अमेरिकी बँडने १९७० साली ‘फन हाउस’ हा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये नोंदवताना सगळे एका खोलीत, मंचावर वाजवावे तसे वाजवले, आणि गायकाने माइक हातात धरूनच गायले. पुढे १९९९ साली त्या सत्रांतले टेक (गाण्याची प्रत्येक वेळची नोंद) ७ सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले. तेच गाणे ते किती वेळा आरंभापासून शेवटपर्यंत वाजवत होते, हे त्यातून कळते. स्टुडिओत जाण्यापूर्वी चौघांनी मिळून तो संच ऐकावा असे मी आग्रहाने सुचवीन.

आपल्याला तीनच दिवस एकत्र मिळणार असतील, तर दोन दिवस तालीम करा आणि तिसऱ्या दिवशी सगळे एकाच खोलीत नोंदवा. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरेल, तर शिरू द्या. मग एकट्याची चूक पुसता येत नाही हे खरे, पण गाणी दोन-तीन मिनिटांचीच असतात, पूर्ण टेक पुन्हा घेणे जड जात नाही. मी गिटारवादक आहे, ध्वनिअभियंता नाही, आणि अनेक थर चढवलेल्या संथ संगीतात क्लिक उपयोगी पडतो हे मला मान्य आहे. आपल्या ड्रमरनेच तो मागितला, तर निर्णय त्याचा असावा.

ओघात दोन गोष्टी सांगतो. वर्षानुवर्षे बंद पडलेला व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा ध्वनिवर्धक) थेट सुरू करू नका. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असू शकतात आणि वीज बंद असतानाही त्यांत प्राणघातक विद्युतदाब साठून राहू शकतो, म्हणून तो जाणकार तंत्रज्ञाकडूनच तपासून घ्या. दुसरे, गायकाचा वरचा पल्ला कमी झाला असेल, तर गिटारी अर्धा स्वर खाली लावा. आम्ही जुन्याच पट्टीचा हट्ट धरला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला.

स्टुडिओला आजच फोन करून चौघे एका खोलीत मावतील का ते विचारा, आणि मावत नसतील तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दुसरी जागा पाहा.